मावळतीचा किनारा

उगवत्या आणि मावळत्या सूर्याकडे पाहू नये, ग्रहणात सापडलेल्या सूर्याकडे पाहू नये, पाण्यात पडलेल्या त्याच्या प्रतिबिंबाकडेही पाहू नये, असा दंडक मनुस्मृतीने स्नातकासाठी घालून ठेवला आहे. आणि आज कोणत्याही रविवारी सायंकाळी नरिमन पॉइंटपासून चौपाटीपर्यंत पसरलेल्या कट्ट्यावर पाय सोडून बसलेला जो अफाट समुदाय नेमकी हीच निषिद्ध गोष्ट मोठ्या भक्तिभावाने करीत असतो, त्यातील एकालाही आपण स्मृतिवचनाचा भंग करीत आहोत याची वार्ता नसते. मनूचे राहू द्या, परंतु दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या कोणत्याही मराठी घरात तिन्हीसांजा ही काही बाहेर जाऊन रमण्याची वेळ नव्हती. त्या वेळी देवापुढे दिवा लागे, मुले हातपाय धुऊन परवचा म्हणत, झोपलेल्याला उठवीत, केर काढू देत नसत आणि उंबरठ्यावर कोणी बसले तर त्यास हटकीत. दिवस सरतो ती संधी नाजूक, तिच्यात अमंगळाला वाट सापडते, अशी ती समजूत होती. तेव्हा समुद्रकाठी जाऊन सूर्य बुडताना पाहणे हा करमणुकीचा प्रकार आपल्या लोकांत फार जुना असेल असे मानण्याचे कारण नाही. आणि मुंबईसारख्या शहरात, जिथे आज हा प्रकार जवळजवळ नित्यकर्म होऊन बसला आहे, तिथे तर त्याचा इतिहास पुष्कळसा तारीखवार सांगता येण्याइतका अलीकडचा आहे.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही की, मुंबई शहर वसले ते पूर्वेकडे तोंड करून. १६६१ च्या विवाहाच्या तहान्वये पोर्तुगिजांनी इंग्लंडच्या राजाला आंदण दिलेले आणि १६६८ मध्ये वार्षिक दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली झालेले हे बेट किमतीचे ठरले, ते त्याच्या पूर्वेस असलेल्या खोल, निवाऱ्याच्या आणि बारमाही सुरक्षित अशा बंदरामुळे. किल्ला बांधला तो बंदराला लागून. गोदी, टांकसाळ, जकातीची कचेरी, वखारी आणि टाउन हॉल ही सारी त्याच बाजूस. तारवे पूर्वेकडे नांगरली जात, माल पूर्वेकडे उतरे, हुंड्या पूर्वेकडे वटत. पश्चिमेचा किनारा उथळ, खडकाळ आणि पावसाळ्यात खवळणारा असल्यामुळे व्यापाराच्या दृष्टीने तो कवडीमोलाचा होता. किल्ल्याच्या तीन दरवाजांपैकी पश्चिमेकडे उघडणारा तो चर्चगेट. त्यातून बाहेर पडले की तोफांच्या माऱ्यासाठी मोकळे राखलेले एस्प्लनेडचे मैदान, त्यापलीकडे वाळू, आणि उत्तरेस गिरगावाच्या बाजूने नारळीच्या वाड्या. गव्हर्नर आणि त्यांचे कौन्सिल यांनी या दिशेचा विचार केला असेल तर तो शत्रू कोठून चाल करील एवढ्याच बेताने.

ज्या वस्तूची शहरास गरज असते पण जी डोळ्यांसमोर नको असते, ती शहराच्या परसात जाते. मुंबईच्या या परसात मृतांची वस्ती झाली. बॅक बे या उपसागराच्या काठी सोनापूर येथे हिंदूंचे स्मशान होते. त्याच्या शेजारीच मुसलमानांचे मोठे कबरस्तान आणि युरोपियनांची दफनभूमी. मलबार टेकडीच्या माथ्यावर सतराव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकात पारशांनी पहिली दोखमा उभारली. वाळकेश्वरास बाणगंगेच्या काठी स्मशान, वरळीस स्मशान, दादरास समुद्रकाठी स्मशान. महालक्ष्मीपलीकडच्या खडकावर पंधराव्या शतकापासून हाजी अलींचा दर्गा. दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत हा किनारा चालत गेले तर एके काळी कोळ्यांची सुकत घातलेली मासळी, भंडाऱ्यांची ताडामाडाची बने आणि मृतांचे मुक्काम यांखेरीज फारसे काही दृष्टीस पडले नसते. मावळत्या दिशेला मरण, हा संकेत कोणी जाणूनबुजून पाळला असे म्हणता येणार नाही. जमीन स्वस्त, वस्तीपासून दूर आणि पाणी जवळ, हेच त्याचे साधे कारण.

मात्र या व्यवस्थेत एक खोट होती, आणि ती वाऱ्याची. उन्हाळ्यात दुपारनंतर जमीन तापली की समुद्रावरून जो वारा सुटतो तो मुंबईत पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येतो. म्हणजे ज्या दिशेस शहराने आपली स्मशाने लोटली त्याच दिशेकडून शहरास श्वास घ्यावयाचा होता. सोनापूरच्या धुराची तक्रार होऊ लागली. स्मशान तेथून उठवून शिवडीस न्यावे असा बेत सरकारदरबारी शिजला, तेव्हा जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांनी हिंदू समाजाच्या वतीने त्यास विरोध करून तो हाणून पाडला. शिवडी दूर, गरिबाला प्रेत खांद्यावर वाहून नेणे अशक्य, आणि वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची. नानांचा आग्रह योग्य होता असेच आम्हास वाटते. आजही मरीन लाइन्स स्टेशनात उतरून पश्चिमेला गेले की समुद्र लागतो आणि पूर्वेला गेले की चंदनवाडीचे स्मशान लागते. मुंबईकर या दोहोंच्या शेजाराला इतका सरावला आहे की त्यात त्याला काही विलक्षण वाटत नाही.

हाच वारा साहेबलोकांना किल्ल्याबाहेर घेऊन आला. तटाच्या आत घरे एकमेकांस चिकटलेली, गल्ल्या कोंदट, आणि १८०३ च्या भीषण आगीने ती दाटी किती घातक आहे हे दाखवून दिलेले. उन्हाळा लागला की बरेच युरोपियन कुटुंबकबिला घेऊन एस्प्लनेडवर राहावयास येत. बांबू, चटया आणि तंबूचे कापड यांचे तात्पुरते बंगले उभारत, त्यांभोवती कुंड्यांची बागसुद्धा मांडत, आणि मृग जवळ आला की सारे मोडून पुन्हा तटाच्या आत जात. तीन-चार महिन्यांचे हे कापडी नगर वर्षानुवर्षे वसत आणि उठत राहिले. त्या लोकांस सूर्यास्ताची ओढ होती असे समजण्याचे कारण नाही. त्यांस हवा हवी होती. सूर्य केवळ तिच्या वाटेवर उभा असे.

सूर्याकडे मुद्दाम तोंड करून या वाळूवर प्रथम उभे राहिले ते पारशी. एकोणिसाव्या शतकात मुंबईस येऊन गेलेल्या परदेशी प्रवाशांच्या लिखाणात हे एक दृश्य पुनःपुन्हा येते : संध्याकाळी बॅक बेच्या काठावर पांढऱ्या डगल्यातील पारशी गृहस्थ ओळीने उभे आहेत, कमरेची पवित्र दोरी, म्हणजे कुस्ती, सोडून पुन्हा बांधीत आहेत, आणि मावळत्या सूर्याला व समुद्राला उद्देशून मंत्र पुटपुटत आहेत. प्रवाशांना त्याचे अप्रूप वाटे. क्वचित त्यांच्या वर्णनात अज्ञानाचा आणि आढ्यतेचा दर्पही असतो. परंतु त्यामुळे सत्य झाकत नाही. मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर सूर्यास्ताच्या वेळी नियमाने येणारा पहिला नागरी समुदाय हा उपासकांचा होता, प्रेक्षकांचा नव्हता.

प्रेक्षक मात्र वेगळ्या ठिकाणी जमत असत, आणि ही गोष्ट आमच्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत गंमतीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या प्रतिष्ठित समाजाचे सायंकाळचे ठिकाण होते अपोलो बंदर. तेथे बग्ग्या येऊन थांबत, बँड वाजे, साहेब आणि मडमा, शेठिये आणि बॅरिस्टर एकमेकांस मुजरे करीत, शहरातील कुलंगड्यांची देवघेव चाले. आणि ही मंडळी तोंड करून बसत ती बंदराकडे, जहाजांकडे, म्हणजे पूर्वेस. सूर्य त्यांच्या पाठीमागे आपल्या वाटेने जाई. पुढे त्याच जागी १९१३ मध्ये पायाभरणी होऊन १९२४ मध्ये पुरे झालेले गेटवे ऑफ इंडिया उभे राहिले, तेही पूर्वाभिमुखच. बोट कोणती आली, मायदेशाची टपाल आणली का, नवा अंमलदार कोण उतरला, यात ज्या समाजाचे चित्त गुंतलेले होते त्याला पश्चिम दिशेत पाहण्यासारखे काय असणार!

अपवाद होता तो मलबार टेकडीचा. टेकडीच्या टोकाशी प्राचीन वाळकेश्वर, शेजारी बाणगंगेचा तलाव, आणि अगदी पाण्याजवळ खडकात श्रीगुंडी नावाचे भोक, ज्यातून अंग चोरून पार झाले असता पापक्षालन होते अशी श्रद्धा. शिवाजी महाराज आणि कान्होजी आंग्रे तेथे गुप्तपणे येऊन गेले अशी आख्यायिका आहे, आणि पुण्यातून परागंदा होऊन इंग्रजांच्या आश्रयास आलेल्या रघुनाथराव ऊर्फ राघोबांचेही नाव त्या भोकाशी जोडले जाते. राघोबांच्या पापाचा आकार पाहता ते भोक पुरले की नाही, हे इतिहासाने सांगितलेले नाही. या पवित्र टोकाचे सौंदर्य गव्हर्नरांच्या नजरेत भरले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी तेथे राहण्याची सोय केली, १८२८ च्या सुमारास सर जॉन माल्कम यांनी तेथील वास्तव्य वाढविले, आणि परळच्या सरकारी वाड्यात १८८२ मध्ये लेडी फर्ग्युसन यांचा पटकीने अंत झाल्यानंतर परळचा लौकिक संपून १८८५ पासून गव्हर्नरांचे कायमचे ठाणे मलबार पॉइंट हेच झाले. तिन्ही बाजूंनी समुद्र असलेले, मुंबई शहरातील सूर्यास्त पाहण्याचे बहुधा सर्वोत्कृष्ट स्थान अशा रीतीने सरकारजमा झाले, आणि राजभवनाच्या रूपाने ते आजतागायत सरकारकडेच आहे. रयतेच्या वाट्याला टेकडीच्या माथ्यावर पाण्याची टाकी झाकून तिच्यावर १८८० च्या सुमारास केलेला बगीचा आला, ज्यास आज फिरोजशाह मेहता उद्यान म्हणतात.

किल्ल्याचे तट पडले ते सर बार्टल फ्रियर यांच्या अमदानीत, १८६२ नंतर. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे या शहरावरील पहिले मराठी पुस्तक १८६३ मध्ये निघाले, म्हणजे जुने शहर जमीनदोस्त होत असतानाच. त्याच वर्षांत अमेरिकेतील यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले आणि शहर पैशाने वेडे झाले. त्या वेडाचे शिखर म्हणजे बॅक बे बुजविण्याची कंपनी. समुद्र हटवून निघालेली जमीन विकावयाची, आणि ती निघण्यापूर्वीच तिच्यावर उड्या मारावयाच्या, असा तो व्यवहार. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा सट्टेबाजांचा राजा पाठीशी, आणि पाच हजार रुपयांच्या भागाचा भाव पन्नास हजारांच्या वर गेलेला. १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले, कापूस कोसळला आणि १ जुलैच्या वायद्याच्या दिवशी मुंबईतील अर्ध्याअधिक पेढ्यांचे दिवाळे निघाले. कंपनी बुडाली. समुद्राचा जो चिंचोळा पट्टा भरून झाला होता तो अखेर बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या उपयोगी पडला. १८६७ च्या एप्रिलात विरार ते बॅक बे अशी गाडी सुरू झाली, आणि चर्चगेट स्टेशन १८७० चे.

त्या काळी या गाडीतून जाणाऱ्यास खिडकीबाहेर थेट समुद्र दिसे, कारण रूळ आणि पाणी यांच्यात तेव्हा नाव घेण्यासारखे काही नव्हते. उपनगरातून येणारा कारकून संध्याकाळी परत जाताना डाव्या हाताच्या खिडकीत बसला, की चर्चगेटपासून चर्नी रोडपर्यंत मावळतीचा प्रकाश त्याच्या तोंडावर पडत असला पाहिजे. नाटकाला पैसे नसलेल्या माणसाला तिसऱ्या वर्गाच्या तिकिटात मिळालेला हा पहिला सूर्यास्त, असे आम्ही मानतो. टेकडीवरच्या धनिकांनंतर पश्चिमेचे आकाश सामान्य मनुष्यापर्यंत प्रथम पोहोचविले ते आगगाडीने.

यानंतर १८९६ चे साल आले आणि प्लेग आला. मांडवीपासून सुरू झालेल्या त्या साथीने शहर अर्धे रिकामे केले, आणि दाटीची घरे, अंधाऱ्या खोल्या, कोंडलेली हवा हेच रोगाचे बीज अशी राज्यकर्त्यांची खात्री पटवून दिली. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने निदान चुकलेच होते, कारण पिसवा आणि उंदीर वाऱ्याला भीत नाहीत. परंतु चुकलेल्या निदानातून कधी कधी चांगला उपाय निघतो तो असा. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि त्याने काळबादेवी-गिरगावाच्या गचडीतून पूर्व-पश्चिम असे रुंद रस्ते कापले, ते मुख्यतः समुद्रावरचा वारा शहराच्या पोटात शिरावा म्हणून. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्यांपैकी. ट्रस्टच्या इंजिनियरांनी वाऱ्यासाठी वाट करून दिली, आणि त्याच वाटेने संध्याकाळचे ऊनही आत आले. ज्या गल्ल्यांत दुपारी दिवा लावावा लागे त्यांच्या तोंडाशी आता मावळतीचे लाल आकाश दिसू लागले. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा माणसे कोंबलेली, मोरी सार्वजनिक, गॅलरी सार्वजनिक. अशा कुटुंबाला डॉक्टरने हवा खाण्यास सांगितले की चौपाटीखेरीज दुसरी जागा नव्हती. मध्यमवर्गीय मराठी कुटुंबे, त्यांत स्त्रियाही, संध्याकाळी उघडपणे समुद्रावर जाऊ लागली ती या औषधाच्या निमित्ताने. भेळ मागाहून आली.

कुलाब्याच्या बाजूस याच ट्रस्टने समुद्र भरून कफ परेड काढली. तिच्यावर ज्या श्रीमंतांनी बंगले बांधले त्यांनी दाम मोजला होता तो समोर पसरलेल्या पाण्याचा. स्वातंत्र्योत्तर काळात त्याच पाण्यात पुन्हा भराव पडला, त्यावर मनोरे उभे राहिले, आणि कफ परेडच्या बंगल्यांना आज समुद्र शोधावयास घराबाहेर निघावे लागते. विकत घेतलेला सूर्यास्त किती टिकतो याचे याहून चोख उदाहरण मुंबईत नाही.

येथे घड्याळाची एक हकीकत सांगितली पाहिजे. मुंबईचा मध्यमान काळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. १९०६ च्या प्रारंभी सरकारने साऱ्या हिंदुस्थानासाठी साडेपाच तासांचा एकच काळ ठरविला, आणि मुंबईच्या घड्याळाला एकदम ३९ मिनिटे पुढे सरकण्याचा हुकूम झाला. शहर खवळले. गिरणीकामगारांनी विरोध केला, सभा झाल्या, आणि नगरपालिकेने आपल्या कारभारात ‘बाँबे टाइम’ सोडला नाही. तो थेट १९५५ पर्यंत चालू राहिला. या भांडणात राजकारण पुष्कळ होते. तरीही त्याचा एक परिणाम कोणाच्या फारसा लक्षात येत नाही. जुन्या काळाप्रमाणे जुलैच्या आरंभी सूर्य सुमारे पावणेसातला मावळे आणि नोव्हेंबरअखेर साधारण साडेपाचच्याही आधी. नव्या काळाप्रमाणे तोच सूर्य अनुक्रमे सात वाजून वीस मिनिटांच्या आणि सहाच्या सुमारास मावळू लागला. साडेपाचला कचेरी सुटणाऱ्या कारकुनास हिवाळ्यात पूर्वी सूर्य गाठता आला नसता. आता तो चर्चगेटहून चालत समुद्रावर पोहोचेपर्यंत थांबू लागला. परक्या सरकारच्या ज्या फर्मानावर मुंबईकर इतका चिडला, त्याच फर्मानाने त्याला वर्षभराच्या संध्याकाळी मोकळ्या करून दिल्या.

चौपाटीच्या वाळूला राजकीय अर्थ आला तोही याच सुमारास. गणेशविसर्जनाच्या मिरवणुका, स्वदेशीच्या सभा, १९३० चा मिठाचा सत्याग्रह हे सर्व या वाळूने पाहिले. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे देहावसान झाले तेव्हा त्यांच्या अंत्यसंस्काराला नेहमीचे स्मशान पुरणार नाही हे दिसून आल्यावर चौपाटीवर दहनाची मंजुरी मिळविण्यात आली, आणि जेथे चिता रचली तेथे १९३३ मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. १९५६ च्या ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर अग्निसंस्कार झाले. तेथे आज चैत्यभूमी आहे. पश्चिम किनाऱ्याचे मृतांशी असलेले जुने नाते असे नव्या युगात आले, आणि ज्या किनाऱ्याकडे शहराने पाठ फिरविली होती तोच त्याच्या दोन महापुरुषांच्या स्मरणाची भूमी झाला.

आता मरीन ड्राइव्हकडे वळू. पहिल्या कंपनीचे दिवाळे निघून अर्धशतक लोटल्यावर गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी बॅक बे बुजविण्याचा तोच बेत सरकारी खर्चाने पुन्हा हाती घेतला. ११४५ एकर जमीन काढावयाची, समुद्रतळाचा गाळ उपसून तो बांधाच्या आत ओतावयाचा, आणि विक्रीतून तिजोरी भरावयाची, असा हिशेब. उपसणारे यंत्र अंदाजाइतके चालेना. ओतलेला गाळ बांधाच्या फटींतून पुन्हा समुद्रात जाऊ लागला. खर्च मात्र फुगत गेला. खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी कायदेमंडळात आणि वर्तमानपत्रांत या साऱ्याची लक्तरे चव्हाट्यावर मांडली. त्यांच्यावर हार्वे नावाच्या सरकारी इंजिनियराने अब्रुनुकसानीचा खटला भरला, आणि नरिमन त्यातून निर्दोष सुटले. योजना आखडती घेऊन अखेर ४४० एकरांवर भागविण्यात आले, आणि लोकांनी तिचे नाव ‘लॉइडचा मूर्खपणा’ असे ठेवले. पुढे स्वतंत्र भारतात याच उपसागरात आणखी भर घालून जे टोक काढण्यात आले त्यास नरिमन पॉइंट हे नाव देण्यात आले! भरावाविरुद्ध आयुष्याचा मोठा लढा दिलेल्या पुरुषाचा सन्मान भरावाच्या जमिनीने करावा, ही कल्पना ज्या कोणास सुचली त्यास विनोदबुद्धी नव्हती किंवा ती फारच सूक्ष्म होती.

त्या फसलेल्या योजनेतून जे निघाले ते म्हणजे मरीन ड्राइव्ह. आरंभीचे त्याचे नाव केनेडी सी-फेस, आजचे अधिकृत नाव नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग. सुमारे साडेतीन किलोमीटरांची ही कमान, तिच्यामागे १९३० ते १९५० या काळात उभ्या राहिलेल्या गोलसर कोपऱ्यांच्या इमारती, ज्यांस २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले; आणि पुढे समुद्राच्या बाजूस लाटांचा मारा अडविण्यासाठी टाकलेले चार पायांचे सिमेंटचे ठोकळे. यातील कट्ट्याचा विचार कोणत्याही अंदाजपत्रकात बसण्याची जागा म्हणून झालेला नव्हता. तो होता समुद्र आवरणाऱ्या भिंतीचा माथा. लॉइडसाहेबांनी जेवढे भूखंड कल्पिले त्यांतील निम्म्याहून अधिक कधी अस्तित्वातच आले नाहीत, आणि जे आले त्यांवर भाग्यवंतांची घरे झाली. पण भिंतीचा माथा विकता येत नाही म्हणून तो साऱ्या शहराचा राहिला. त्या कट्ट्यावर गिरणीकामगार बसला, बेकार पदवीधर बसला, घरात एकांत नसलेली नवविवाहित जोडपी बसली. मुंबईने जनतेसाठी म्हणून केलेल्या कित्येक गोष्टी जनतेच्या हाती लागल्या नाहीत. ही मात्र न करता लागली.

असेच इतरत्रही झालेले दिसते. महालक्ष्मी आणि वरळी यांमधल्या खिंडारातून भरतीचे पाणी शिरून बेटाचा मध्यभाग बुडे, म्हणून हॉर्नबी गव्हर्नरांच्या काळात, १७८४ च्या सुमारास, तेथे बांध पडला. बांध वारंवार खचे, तेव्हा रामजी शिवजी या पाठारे प्रभू इंजिनियराला स्वप्नात देवीने दृष्टांत देऊन समुद्रातून मूर्ती काढविल्या आणि मग काम तडीस गेले, अशी महालक्ष्मीची कथा आहे. पाणी अडविण्यास केलेला हा बांध कालांतराने संध्याकाळच्या फेरफटक्याचा रस्ता झाला. माहीम आणि वांद्रे यांच्यातील खाडीवर १८४५ मध्ये लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाय यांच्या १ लक्ष ५७ हजार रुपयांच्या देणगीतून पूल झाला, तो खाडी ओलांडताना माणसे बुडत म्हणून. त्या पुलाने वांद्र्याचा किनारा मुंबईकराच्या टप्प्यात आणला, आणि १६४० मध्ये पोर्तुगिजांनी जहाजांवर नजर ठेवण्यास बांधलेल्या तेथील किल्ल्याच्या भग्न भिंतीवर आज महाविद्यालयीन मुले सूर्याची छायाचित्रे घेत असतात. जुहू तर त्या वेळी खेडेच. १९२४ मध्ये तुरुंगातून सुटून आलेले आजारी गांधीजी तेथे हवापालटास राहिले, इतका तो किनारा निवांत होता. आज त्याची काय गत आहे हे लिहिण्याची आवश्यकता नाही.

आता ज्यास खरोखर समुद्रात बुडणारा सूर्य पाहावयाचा असेल त्याच्यासाठी चार शब्द, कारण या बाबतीत मुंबईकरही पुष्कळदा फसतो. मुंबईच्या अक्षांशावर सूर्य ठीक पश्चिमेस वर्षातून दोनदाच मावळतो. जूनमध्ये तो पश्चिमेच्या उत्तरेस सुमारे पंचवीस अंश सरकतो आणि डिसेंबरात तितकाच दक्षिणेस. गिरगाव चौपाटीच्या मध्यावर उभे राहणाऱ्याच्या समोर मलबार टेकडी अशी आडवी येते की वर्षातील कोणत्याही दिवशी सूर्य टेकडीमागेच जातो. तेथे आकाशाचे रंग पाहावेत, बिंबाची आशा धरू नये. मरीन लाइन्सपाशी टेकडीचे टोक जवळजवळ ठीक पश्चिमेस येते, म्हणून उन्हाळ्यात तेथेही निराशा, पण ऑक्टोबर ते फेब्रुवारी बिंब निर्वेध पाण्यात उतरते. नरिमन पॉइंटच्या टोकाशी मात्र टेकडी उत्तरेकडे इतकी बाजूला राहते की बारा महिने समुद्र मोकळा. दादर आणि माहीमच्या किनाऱ्यावरून २००९ पासून सूर्य वांद्रे-वरळी सेतूच्या तारांमागे मावळतो, ज्यास हे आवडते त्याने तेथे जावे. आमचे मत विचाराल तर वरळीचा सी-फेस आणि वांद्र्याचा बँडस्टँड हे दोन किनारे अद्याप पहिल्या प्रतीचे आहेत. २०२४ मध्ये सुरू झालेल्या किनारी रस्त्याने महालक्ष्मी-वरळीच्या कडेस पुन्हा भर घातली आहे.

ऋतूंत ऑक्टोबर उत्तम, कारण पाऊस नुकताच सरून हवा धुतलेली असते. जानेवारीत धुरकट थरामुळे सूर्य क्षितिजाला टेकण्यापूर्वीच फिका पडतो, आणि जून ते सप्टेंबर ढगांचे राज्य असल्याने घरी बसलेले बरे. हाजी अलीच्या वाटेवर उभे राहून पाहण्याचा बेत असेल तर निघण्यापूर्वी भरतीची वेळ अवश्य पाहावी. पाणी चढले की ती वाट बंद होते.